पाचव्या ओळीतली माटोळी

फोन आला तेव्हा रघुनाथ शिरोडकर दारात उभे राहून पोदेराकडून पाव मोजून घेत होते. पलीकडे डिचोली ठाण्याच्या उपनिरीक्षक तारा गावस होत्या. मुळगावच्या वसाहतीचा मूळ नकाशा त्यांना हवा होता. घरबांधणी खात्यात शोधला, मिळाला नाही. शेवटी तिथल्या कारकुनानं सांगितलं होतं, की नकाशा काढणारा माणूस अजून जिवंत आहे, त्यालाच विचारा.

"जिवंत आहे," रघुनाथ म्हणाले. "नकाशाही आहे. झालं काय?"

"चोरी. कुलूप शाबूत, जनेलांचे गज शाबूत, आणि आतलं सोनं गायब. घरच्या सुनेशिवाय दारातून कुणी गेलेलं नाही. दुपारी मला त्या मुलीला ठाण्यावर न्यावं लागेल. त्याआधी एवढंच सांगा, त्या घरात शिरायला दुसरी वाट आहे?"

"नाही," रघुनाथ ताबडतोब म्हणाले.

म्हणाले खरे, पण फोन ठेवल्यावर पाव तसाच टेबलावर राहिला. आपल्या एका शब्दावर कुणाची तरी सून पोलिसांच्या गाडीत बसणार, हे काही त्यांना बरं वाटेना. त्यांनी कपाटावरची नळी उतरवली, नकाशाची गुंडाळी झटकली आणि मुळगावची बस पकडली.

बारा वर्षांपूर्वी काढलेला तो नकाशा म्हणजे त्यांच्या नोकरीतली एकुलती एक अभिमानाची गोष्ट. अठ्ठेचाळीस घरं, तीन-तीनांच्या सोळा ओळी, आणि सगळी घरं खिळ्याखिळ्यापर्यंत सारखी. खर्च कमीत कमी, पण पत्र्याखाली माणूस शिजू नये याची काळजी घेतलेली. चोरांचाही विचार केला होता त्यांनी. गज चौकटीतच ओतलेले, लपायला कोपरा कुठे नाही, आणि प्रत्येक ओट्यावरून शेजारचं दार दिसेल अशी मांडणी. समासात त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहिलं होतं: 'शेजाऱ्याचा डोळा हाच पहारा.' साहेबांना ते वाक्य इतकं आवडलं, की प्रशस्तिपत्रातही आलं. पुढे तोच नकाशा डिचोली-पेडण्यात आणखी अकरा ठिकाणी वापरला गेला.

चवथीचा चौथा दिवस होता. दीड दिवसाचे गणपती गेले होते, पाच दिवसांचे अजून घराघरांत होते. पाचव्या ओळीत घर नंबर तेरा, चौदा आणि पंधरा. तेराच्या ओट्यावर तारा गावस उभ्या होत्या. तरुण, उन्हानं रापलेल्या, बोलण्यात सरळ. त्यांच्यामागे दाराला टेकून एक मुलगी बसली होती. रडून झालेलं होतं तिचं, आता नुसती बसली होती. ती सेजल.

हकीकत तारानं थोडक्यात सांगितली. घर आनंदीबाईंचं. मुलगा रुद्रेश बोटीवर कामाला, त्यामुळे घरात सासू आणि सून दोघीच. दोन दिवस मूर्तीच्या गळ्यात आनंदीबाईंची कंठी आणि मोहनमाळ होती. विसर्जनाला निघण्यापूर्वी त्यांनी दागिने उतरवून डब्यात घातले, डबा आतल्या खोलीतल्या कपाटात ठेवला, घराला कुलूप लावलं. परवा संध्याकाळी साडेपाचला सगळी तळ्यावर निघाली. अर्ध्या वाटेवर लक्षात आलं, की देवाची शिदोरी घरीच राहिली. सासूनं सेजलला चावी देऊन परत पाठवलं. ती आली, शिदोरी घेतली, गेली. सात वाजता परतल्यावर पाहतात तो डबा रिकामा.

रघुनाथांनी आनंदीबाईंना विचारलं, सून घरात किती वेळ होती?

"दोन मिनटां आसतली," आनंदीबाई म्हणाल्या. "दोन मिनटां पुरो जातात."

सुनेकडे त्यांनी पाहिलंही नाही. रुद्रेशला बोटीवर फोन गेला होता. तो 'पोलीस काय म्हणतात बघू' म्हणाला, आणि मग फोन लागलाच नाही. सेजलची पिशवी उलटी करून झाली होती, नार्व्याला तिच्या माहेरी जाऊन तिच्या आईची भातकोठीही उपसून झाली होती. सापडलं काहीच नाही.

"साक्षीदार आहे?" रघुनाथांनी विचारलं.

होता. चौदा नंबरचा गोपाळ. दोडामार्गाकडचा माणूस, पूर्वी खाणीच्या ट्रकवर होता, खाणी थांबल्यावर वसाहतीतल्या लोकांच्या पंख्या-दिव्यांची, नळांची कामं करी. त्याच्याकडे पाच दिवसांचा गणपती. बायको सुमंगला आणि मुलगी सायली आनंदीबाईंबरोबर तळ्यावर गेल्या होत्या, तो घरी थांबला होता. गणपती असताना घर रिकामं टाकत नाहीत, कुणीतरी समईपाशी थांबतंच. समोरच्या ओळींतले बाकी सगळे दीड दिवसाच्या गणपतीचे, तेही विसर्जनाला गेलेले.

गोपाळ हात पुसत आला. त्याला हे सगळं आवडत नव्हतं, हे दिसत होतं.

"तू कुठं होतास?" तारानं पुन्हा विचारलं.

"ह्याच ओट्यार. समई दिसात अशी बैठक मारून."

"सात वाजेपर्यंत?"

"होय."

"तेराच्या दारात कोण आलं?"

"सेजल. आणखी कोण नाय."

"ओळीत दुसरं कुणी? परका माणूस, फेरीवाला?"

"कुत्रोसुदीक येवक नाय, मॅडम. पोर वायट नाय, पण मी खोटा कित्याक सांगू?" त्यानं सेजलकडे पाहिलं आणि मान खाली घातली. सुमंगलानं तर पुढे होऊन सेजलच्या पाठीवरून हात फिरवला. सकाळपासून या मुलीला चहा पाजणारी ती एकटीच होती.

रघुनाथांच्या मनात आलं, हाच तो शेजाऱ्याचा डोळा. आपणच तो नकाशात बसवला आणि त्यानं आपलं काम चोख केलं. आणि ही मुलगी त्यात सापडली. त्यांना स्वतःच्या अक्षराची लाज वाटली.

ते सेजलजवळ खाली बसले आणि म्हणाले, की तुला काही सांगायचं असेल तर सांग.

"म्हाका कोणीच विचारूंक ना, तू घेतलंस काय म्हूण," ती म्हणाली. "सगळी विचारतात, खंय दवरलंस."

कुठे ठेवलंस, हे रघुनाथांनी विचारलं नाही. ते उठून घरात गेले.

दार पाहिलं. मागचं दार पाहिलं. आतून अडसर, अडसरावर चार दिवसांची धूळ. गज हलवले. मोरीच्या जाळीतून मांजरही गेलं नसतं. नकाशा खरा होता. बाहेरच्या खोलीत गणपतीचं मेज अजून तसंच होतं, वर विसर्जनाहून आणलेल्या वाळूचा पाट. आणि त्याच्यावर माटोळी. पोलिसांनी वस्तूंना हात लावू नका म्हटल्यामुळे तीही उतरवली नव्हती. लाकडी पट्ट्यांची चौकट, तिला लटकवलेले नारळ, सुपारीचे घोस, तोरिंगण, आंबाडे, काकड्या, आणि रानातली ती लालचुटूक फळं. सगळं केवणीच्या सालीच्या दोरानं बांधलेलं, रीतीप्रमाणे.

"हे टांगलंय कशाच्या आधारानं?" रघुनाथांनी विचारलं, आणि विचारताच त्यांना उत्तर आठवलं.

वसाहत झाली त्या वर्षी लोकांनी त्यांना याच गोष्टीवरून धारेवर धरलं होतं. गोव्यातल्या माणसानं घराचा नकाशा काढला आणि छताला माटोळीच्या कड्याच ठेवल्या नाहीत. छत सिमेंटच्या फळ्यांचं, त्यात खिळा शिरत नाही. मग लोकांनी आपला तोडगा काढला. छतात टाकीकडे जाण्यासाठी दोन फुटी चौकोनी भोक होतं, त्यावर उचलायचं झाकण, आणि चौकट लाकडाची. सगळ्यांनी तिलाच चार हुक मारले आणि तिच्याखाली माटोळी टांगली. गणपती बसणाऱ्या प्रत्येक घरात.

"ह्याच्या वर काय आहे ते कुणी पाहिलं?"

तारानं हवालदाराकडे पाहिलं. हवालदार ओशाळला. त्यानं वर पाहिलं होतं आणि हात जोडले होते. माटोळीला कोण धक्का लावील?

रघुनाथांनी चष्मा पुसला. माटोळी सरळ नव्हती. पुढची बाजू मागच्यापेक्षा चार बोटं वर होती. त्यांनी विचारलं, ही बांधली कोणी?

सेजल दारात येऊन उभी राहिली होती. "आमी दोगांनी. मायन पकडली, मी कदेलार उबी रावन गाठी मारल्यो."

"वाकडी बांधलीस?"

"ना. मायन तीन फावट सारकी करून घेतली." आणि सेजल प्रथमच सासूकडे वळली. आनंदीबाईंनी मान हलवली.

"आणि आल्यावर काही खाली पडलेलं होतं?"

"एक आंबाडो. मेजार," आनंदीबाई म्हणाल्या. "म्हाका वाटलें, हिणें धावत-पळत धक्को दिला."

रघुनाथांनी तीच खुर्ची मागवली आणि अडुसष्टाव्या वर्षी तिच्यावर चढले. मागच्या दोन हुकांच्या गाठी हुकाच्या खाली होत्या, दोरांची टोकं खाली लोंबत होती. खालून हात वर करून बांधणाऱ्याची गाठ अशीच पडते. पुढच्या दोन गाठी हुकाच्या वर होत्या. एका दोराचं टोक तर वर जाऊन झाकणाच्या आणि चौकटीच्या फटीत चिमटलेलं होतं. उतरताना तारानं त्यांना हात दिला.

मग ते म्हणाले, की मला चौदा आणि पंधरा नंबरची माटोळीही पाहायची आहे.

चौदामध्ये गणपती होता. रघुनाथांनी नमस्कार केला आणि वर पाहिलं. माटोळी रेषेत सरळ, चारही गाठी हुकाच्या खाली, केवण वाळून कडक झालेली. तिला कुणी हात लावलेला नव्हता.

पंधरा नंबर सिद्धेशचं. तो चवथीला आपल्या मूळ घरी, पेडण्यात कोरगावला गेलेला. तिथून त्यानं फोनवर दार उघडायला हरकत नाही म्हणून सांगितलं. चावी सुमंगलाकडे होती, देवापुढे रोज दिवा लावण्यासाठी. चौदाच्या दाराजवळच्या खिळ्यालाच लटकलेली असे. तिनं कुलूप काढलं. आत माटोळी नव्हतीच; गणपती कोरगावला, मग इथे कशाला? जमिनीवर चार दिवसांची बारीक धूळ होती. दारापासून देवाच्या फळीपर्यंत सुमंगलाच्या पावलांची वाट, आणि छतातल्या भोकाच्या बरोबर खाली हातभर जागा ओल्या फडक्यानं पुसल्यासारखी स्वच्छ. शेजारी एक लोखंडी पिंप.

"केर तुम्ही काढलात?" रघुनाथांनी विचारलं.

"मी?" सुमंगला म्हणाली. "मी फकस्त दिवो लावतंय आणि जातंय."

तिला अजून काही कळलेलं नव्हतं. रघुनाथांना कळलं होतं, आणि तिच्याकडे पाहणं त्यांना जड गेलं.

ते सगळे पुन्हा ओट्यावर आले. रघुनाथांनी नकाशा जमिनीवर पसरला आणि चार कोपऱ्यांवर चार दगड ठेवले. हा ओळीचा उभा छेद पाहा, ते ताराला म्हणाले. सकाळी तुम्ही विचारलंत दुसरी वाट आहे का, आणि मी नाही म्हणालो. मी दारं-खिडक्यांचा विचार केला. ही वाट मला वाट म्हणून कधी दिसलीच नाही.

"दोन घरांमधली भिंत इथे संपते," त्यांनी बोट ठेवलं. "छतापाशी. त्याच्या वर पत्र्यापर्यंत, मध्यभागी तीन फूट, जागा मोकळी आहे. तेरापासून पंधरापर्यंत सलग. विटा वाचल्या, पण मी ते विटांसाठी केलं नव्हतं. पत्र्याखालची गरम हवा एका टोकाच्या जाळीतून दुसऱ्या टोकाला निघून जावी म्हणून केलं. घरं थंड राहिली. हवा जाते तिथून माणूसही जातो, हे मला सुचलं नाही."

"म्हणजे चोर वरून उतरला," तारा म्हणाली.

"वरून. झाकण उचललं, माटोळीचे पुढचे दोन दोर कापले, ती दारासारखी खाली झुलली. आंबाडा पडला तो तेव्हा. चोर मेजावर उतरला, डबा रिकामा केला, त्याच मेजावरून वर चढला. माटोळी वर ओढून बांधली. कापलेली केवण आखूड पडली म्हणून पुढची बाजू वर गेली. आणि गाठी हुकाच्या वर पडल्या, कारण बांधणारा छतावर पालथा पडून खाली हात घालून बांधत होता. सेजलकडे चावी होती. तिला छतावर पालथं पडायची गरज काय?"

तारानं तिन्ही दारांकडे पाहिलं. "मग वर चढला कुठून? चौदाची माटोळी जागची हललेली नाही. गोपाळ सुटला."

"मलाही आधी तसंच वाटलं. चढण्यासारखं भोक एकच, पंधराचं. पण पंधराच्या दारात जायचं तर गोपाळच्या डोळ्यांसमोरून जायला हवं. आणि गोपाळ म्हणतो, ओळीत कुत्रंसुद्धा आलं नाही. ते खरं असेल, तर ओळीत माणूस एकच होता. खोटं असेल, तर त्यानं खोटं कुणासाठी सांगितलं?"

गोपाळ दाराच्या चौकटीला धरून उभा होता.

"पंधराची चावी तुझ्या दाराजवळ लटकते," रघुनाथ त्याला म्हणाले, आणि त्यांचा आवाज पडला. "पंखे बसवताना तू कितीतरी वेळा वर गेलेला आहेस. सोनं तू आरतीला दोन दिवस पाहिलंस. सोपी वाट तुझ्याच घरातून होती. पण तुझा गणपती बसलेला होता. त्याच्या डोक्यावरची माटोळी तुला सोडवता आली नाही. आनंदीबाईंचा देव निघून गेला होता, म्हणून तिथली कापलीस. तुझी न हललेली माटोळी तुला वाचवत नाही, गोपाळ. तू दुसऱ्याच्या घरातून का चढलास, ते तीच सांगते."

"पुरावो?" गोपाळ पुटपुटला.

"देवाच्या घरात तू ते सोनं आणलं नसशील. सिद्धेशकडे ठेवलं तर तो उद्या-परवा येणार. चौदा आणि पंधराच्या मधल्या भिंतीचा माथा बघा, मॅडम. मी जिथे विटा घातल्या नाहीत तिथे."

हवालदार पंधरामधून पिंपावर उभा राहून वर गेला. पत्र्याखाली सरपटल्याचा आवाज आला, मग शिंक, मग तो दुधाची रिकामी पिशवी घेऊन उतरला. आत कंठी होती, मोहनमाळही होती.

गोपाळ खाली बसला. सांगण्यासारखं फार नव्हतं त्याच्यापाशी. पुढच्या महिन्यात सायलीचा साखरपुडा, आणि तिच्या गळ्यात घालायला काही नाही. "आठ वर्सां मी थयसून ये-जा करतंय," तो म्हणाला. "परत्येकाच्या झाकणाच्या फटीतसून उजेड दिसता. आठ वर्सां मनात येवक नाय. सेजलचा नाव येतला, असा वाटूक नाय माका. आणि नाव इला, तेव्हा तोंड उघडूक धीर जावक नाय."

सुमंगलानं हातातली पंधराची चावी हळूच ओट्यावर ठेवली, जणू ती भाजत होती.

तारानं गाडी जवळ घ्यायला सांगितलं. गोपाळनं एकच मागणं केलं, उद्या विसर्जन आहे, तेवढं होऊ द्या. नाही, तारा म्हणाली, ते माझ्या हातात नाही. आणि ते खरंच तिच्या हातात नव्हतं, हे तिच्या तोंडावरून सगळ्यांना दिसलं. सायली मागच्या खोलीतून स्वतःहून बाहेर आलीच नाही. कुणीतरी तिला आपल्या घरी नेलं.

तोवर बातमी पसरली होती. एक-दोन ओळींपलीकडून हातोड्याचा आवाज यायला लागला, मग आणखी कुठून, मग सगळीकडून. लोक माटोळ्या बाजूला करून झाकणांना खिळे ठोकत होते. ज्यांचे गणपती अजून घरात होते ते फळ्या कापून तयार ठेवत होते. एका म्हाताऱ्यानं रघुनाथांना ओळखलं आणि विचारलं, की खातं वर भिंत घालून देईल ना? रघुनाथ म्हणाले, मी अर्ज करीन. अर्ज कुठे जाईल हे त्यांना ठाऊक होतं. ज्या खात्याला नकाशा सापडत नव्हता, ते अठ्ठेचाळीस घरांच्या भिंती काय वाढवणार? आणि उरलेल्या अकरा वसाहतींत तर कुणाला अजून काही माहीतच नव्हतं. त्यांना सांगावं तर घाबरतील, न सांगावं तर असेच राहतील. ते तिथेच ओट्यावर बसून राहिले. येत्या उन्हाळ्यात ही घरं भट्टीसारखी तापणार होती. त्यांनी केलेली एक चांगली गोष्ट लोक त्यांच्यासमोर खिळे ठोकून बंद करत होते, आणि लोकांचं काही चुकत नव्हतं.

आनंदीबाई कंठी मुठीत धरून दारात उभ्या होत्या. "सेजल," त्या म्हणाल्या. "चल, जेव मगे," एवढंच म्हणाल्या.

सेजल उठली. पण ती आपल्या घरात गेली नाही.

गाडी सुरू झाली होती. सुमंगला अनवाणीच तिच्यामागे निघाली होती आणि दोन पावलं जाऊन थांबली होती. मागे वळून आपल्या उघड्या दाराकडे बघत होती. आत समई जळत होती. नवऱ्यामागे जावं की देवापाशी बसावं, हे तिला ठरवता येईना.

"तू वच, काकी," सेजल म्हणाली. "घर रितें दवरूंक जायना. मी बसता."

सुमंगला तोंडाला पदर लावून गाडीच्या दिशेनं धावली. सेजल चौदा नंबरच्या घरात शिरली. तिनं समईत तेल घातलं, वात पुढे केली आणि गणपतीसमोर मांडी घालून बसली. तिच्या डोक्यावर गोपाळनं न हलवलेली माटोळी होती.

आनंदीबाई तिथल्या उंबऱ्यापर्यंत आल्या. आत जाण्याचा धीर त्यांना झाला नाही. बाहेर हातोडे चालूच होते. रघुनाथांनी नकाशावरचे चार दगड उचलले, पण तो गुंडाळला नाही.